एसीचे जुने सामान : घेताना आणि बसविताना

डोंबिवली-कल्याणच्या गॅरेजवाल्यांना गाडीच्या एसीचे जुने सामान कुर्ल्याच्या भंगार बाजारात स्वस्त मिळते. मात्र ते खराब निघाले तर मजुरी, गॅस आणि गिऱ्हाईक तिन्ही जातात. म्हणून कारागीर बंधूंनी पैसे देण्यापूर्वीच पारख करावी.

कॉम्प्रेसरची तोंडे बूच लावून बंद असावीत. आर-१३४ए गॅसबरोबरचे तेल हवेतील ओल लवकर शोषते. क्लचची पुढची प्लेट हाताने फिरवावी. ती न अडकता, खरखर न करता फिरली पाहिजे. थोडे तेल पांढऱ्या कापडावर घ्यावे. त्यात चकचकीत कण दिसले तर माल घेऊ नये. जुन्या आर-१२ गॅसचा कॉम्प्रेसर आर-१३४एच्या गाडीला तसाच लावू नये, कारण दोन्हींची तेले वेगळी असतात.

गॅरेजमध्ये कंडेन्सरमध्ये नायट्रोजन भरून तो पाण्यात बुडवावा. बुडबुडे आले की गळती समजावी. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन मुळीच वापरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला लागला तर स्फोट होऊन जीव जाऊ शकतो.

ड्रायर आणि ओ-रिंग नव्याच घ्याव्यात. शेवटी व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालवून बंद करावा. मीटरचा काटा जागचा हलला नाही, तरच गॅस भरावा.