सारसाची साद आणि फोनचा कान

गोंदिया तालुक्यातल्या परसवाडा तलावाच्या पाळीवर पहाटे उभं राहिलं आणि नशिबात असलं, तर सारसांची जोडी माना उंचावून साद घालताना ऐकू येते. नर एकदा हाकारतो, तेवढ्यात मादीच्या दोन हाका होतात, आणि लांबून ऐकणाऱ्याला तो एकच पक्षी वाटतो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यांत उंच, जवळपास सहा फुटांचा हा जीव. त्याची लांबलचक श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळं घालून बसलेली असते. आवाज तुतारीसारखा घुमतो, तो त्यामुळे.

ती साद मी फोनवर टिपली. घरी ऐकली, तर नुसता वारा खरखरत होता आणि सारस कुठेतरी तळाशी गेला होता.

फोनच्या खालच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. त्याच्या आत जेमतेम एक मिलिमीटर रुंदीचा सिलिकॉनचा पडदा असतो. जाडी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहून कितीतरी पट कमी. त्याच्यासमोर बारीक छिद्रांची ताठ पट्टी. आवाजाने हवा दाबली की पडदा किंचित हलतो, दोहोंमधलं अंतर बदलतं, त्यासरशी विद्युत धारिता बदलते आणि शेजारची चिप तो बदल आकड्यांत उतरवते. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा माइक घडवला. आजचा माइक त्याच घराण्यातला.

एवढा नाजूक कान असून सारस का हरवला? कारण फोनला माणसाचं बोलणं ऐकायला शिकवलंय. वरचा आणि खालचा असे दोन माइक पंधरा सेंटिमीटरवर असले, तर आवाज एकाकडून दुसऱ्याकडे जायला अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी वेळ लागतो. तेवढ्या फरकावरून फोन तोंडाजवळचा आवाज ओळखतो आणि बाकीचा गोंगाट समजून दाबतो. रातकिडे, बेडूक, दूरचा सारस, सगळे त्या गोंगाटात जमा. म्हणून फोन कानाशी धरल्यासारखा नको, पक्ष्याकडे रोखून धरावा, वाऱ्याकडे आपली पाठ करावी आणि रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय बंद ठेवावी. मळणीच्या दिवसांत त्या छिद्रात भुसा अडकतो. तो टाचणीने कधीही कोरू नये, पडदा फाटू शकतो.

स्पीकरची अडचण वेगळी. चुंबकापाशी तारेचं वेटोळं थरथरतं आणि छोटासा पडदा हवा ढकलतो. खर्जातल्या आवाजाला पुष्कळ हवा हलवावी लागते, ती याच्या आवाक्यात नाही. दंडार या लोकनाट्यातल्या ढोलकीची थाप फोनवर टकटक वाटते ती यामुळेच. वरच्या सुरांवरून मेंदू खर्ज थोडाफार भरून काढतो, हे आपलं भाग्य.

पण हाच दुबळा स्पीकर सारसाजवळ घातक ठरतो. पावसाळ्यात जोडी धानाच्या बांधीत घरटं करते, एक-दोन अंडी घालते. तिची जुगलबंदी ही हद्दीची ग्वाहीसुद्धा असते. टिपलेली साद तिथेच वाजवली, तर परका शिरला असं समजून अंडी सोडून दोघं धावू शकतात. गोंदिया जिल्ह्यात सारस उरलेत ते काही डझन. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्यांची दखल घेतली, इतकी वेळ आली. पाळीवर असताना मी आता फोनचा आवाज पूर्ण बंद ठेवतो आणि टिपलेलं घरी येऊन, इअरफोन लावून ऐकतो.