डबीबाहेरची टेप

मार्च १९६३मध्ये पश्चिम जर्मनीतल्या वुपरटाल इथे नाम जून पैक या कोरियन कलावंताने गॅलरी पार्नासच्या भिंतीवर टेपचे लांब तुकडे आडवेतिडवे चिकटवले आणि टेपवरचा आवाज वाचणारं, वायरला जोडलेलं सुटं हेड प्रेक्षकांच्या हाती दिलं. ते टेपवरून हळू फिरवलं की आवाज जाडाभरडा, भर्रकन ओढलं की चिरका, उलट्या दिशेने नेलं की उलटा. त्याच वर्षी ऑगस्टअखेर बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात फिलिप्सने लू ओटेन्स यांच्या चमूची खिशात मावणारी कॅसेट मांडली. तिचा हेतू पैकच्या बरोबर विरुद्ध होता. टेपला कुणाचा हात लागूच नये!

आज जुन्या कॅसेटींतून ध्वनिकला करणारे ती डबी पुन्हा उघडतात.

आत असते ३.८१ मिलिमीटर रुंदीची प्लास्टिकची पट्टी. तिच्यावरच्या लोहाच्या ऑक्साइडच्या बारीक कणांत चुंबकत्वाच्या रूपाने आवाज साठवलेला असतो. पट्टी हेडसमोरून सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. म्हणजे सेकंदभराचा आवाज जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर लांब. तो फूटपट्टीने मोजता येतो, ब्लेडने कापता येतो. सगळा खेळ इथूनच सुरू होतो.

सर्वांत लाडका प्रकार लूपचा. स्क्रूची कॅसेट उघडायची, रीळ काढायचं, टेपचा सुमारे २४ सेंटिमीटरचा तुकडा दोन्ही चक्रांभोवती फिरवून टोकाला टोक जोडायचं. जोड टेपच्या मागच्या बाजूने द्यायचा, तोही जोडकामासाठी मिळणाऱ्या खास चिकटपट्टीने; साध्या सेलोटेपचा गोंद पाझरून हेडला लागतो. हे जमलं की पाचएक सेकंदांचा आवाज थांबवेपर्यंत फिरत राहतो. तुकडा जास्त ताणला तर टेप अडते, सैल राहिला तर गुंतते, आणि पहिले काही लूप असेच वाया जातात.

रेकॉर्डिंगच्या आधी जुना आवाज पुसणारं एक वेगळं हेड असतं. ते पातळ प्लास्टिकने झाकलं की नवा आवाज जुन्यावरच चढतो, मग पुन्हा त्यावर तिसरा. खालचे थर प्रत्येक फेरीत जरा मळतात. आवाज स्वच्छ हवा असणाऱ्याला हा दोष. या मंडळींना हवा असतो तो नेमका हा मळ.

अमेरिकी कलावंत लॉरी अँडरसन यांनी १९७७च्या सुमारास व्हायोलिनच्या गजाला केसांऐवजी रेकॉर्ड केलेली टेप लावली आणि घोडीवर हेड बसवलं. गज पुढे ओढला की शब्द सुलटा, मागे नेला की उलटा. अ‍ॅलिस सँटोरो यांनी तर कॅसेटची टेप सुताबरोबर मागावर विणून कापड केलं. त्यावरून हेड फिरवलं की तेही कुरकुरत बोलतं.

या सगळ्यांत जगभर गाजलं ते मात्र एका बिघाडाचं काम, आणि तेही कॅसेटवरचं नव्हे, रिळाच्या टेपवरचं. २००१च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये विल्यम बासिन्स्की १९८०च्या दशकातले आपले लूप संगणकावर उतरवत होते. टेप फिरता फिरता तिचा ऑक्साइड सुटून पडू लागला. त्यांनी यंत्र बंद केलं नाही. एकच सुरावट तासाभरात झिजत, मधे मधे खड्डे पडत जाताना ऐकू येते. ‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’ हे ते काम. तंत्र म्हणाल तर त्यात फारसं काही नाही. यंत्राला हात न लावण्याचा तो निर्णय मोठा.

आपल्याकडेही माळ्यावर कॅसेटींची खोकी आहेत. हात साफ करायला सिनेगीतांच्या कॅसेटी उत्तम, त्यांच्या प्रती भरपूर आहेत. घरच्या बारशाची, आजोबांच्या कीर्तनाची, गावच्या भजनी मंडळाची कॅसेट मात्र एकुलती एक असू शकते. ती आधी संगणकावर उतरवून घ्यावी. पांढरी बुरशी दिसली तर टेपरेकॉर्डरमध्ये घालूच नये. हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते.