नकाशाच्या पेनाला हवी सबुरी



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाने गावच्या पाणलोटाचा नकाशा नव्याने काढायला घेतला. बंधारे कुठे हवेत ते ग्रामसभेत दाखवायचं होतं. पेन्सिलीच्या रेघा पुसट, झेरॉक्समध्ये ओढाच दिसेना. एकीच्या लेकीने आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. तिची शाईची चार ड्रॉइंग पेनं पेटीत पडून होती. उघडून बघतो तर शाई वाळून दगड. आम्ही घाईने एकात पिन घातली. आतली तार वाकली, पेन गेलं. उरलेली तीन मात्र वाचली. ती कशी, ते आज सांगतो.

हे पेन आतून कसं असतं ते आधी बघू. याच्या टोकाला बारीक पोकळ नळी असते. नळीत केसासारखी तार आणि तारेच्या मागे छोटंसं वजन. पेन हलवलं की वजन खालीवर होतं, टकटक आवाज येतो आणि तार नळी मोकळी करते. नळीमागच्या भागावर वळणावळणाची खाच असते. तिच्यातून हवा आत जाते, तेव्हाच शाई बाहेर येते. म्हणजे शाई नळीतही वाळते आणि खाचेतही. नुसतं टोक पुसून भागत नाही.

पेनावरचा आकडा म्हणजे रेघेची जाडी. ०.२५ म्हणजे पाव मिलिमीटर. दाबून लिहिलं म्हणून रेघ जाड होत नाही. उलट टोक बिघडतं. म्हणून समपातळी रेषेला बारीक पेन, ओढ्याला ०.५ आणि शिवेला त्याहून जाड, असं वेगवेगळं पेन लागतं.

ही शाई शाळेच्या शाईसारखी नसते. तिच्यात काजळीसारखी काळी पूड आणि ती कागदाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो. वाळल्यावर पाण्याने पुसू नये म्हणूनच ती तशी केलेली असते. त्यामुळे एकदा नळाखाली धरून काम होत नाही. ती मऊ पडायला वेळ द्यावा लागतो.

आता कृती. शाईची टाकी काढून रिकामी करा आणि धुवा. टोक फिरवून निघत नसेल तर पक्कड लावू नका; तो भाग कोमट पाण्यात बुडवून ठेवा, मग हाताने फिरवा. वाटीत कोमट पाणी घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका आणि टोक रात्रभर भिजू द्या. पाणी काळं झालं की बदला. आम्हाला दोन पेनांना एक रात्र लागली, तिसऱ्याला तीन दिवस. नंतर बिनसुईच्या सिरिंजने मागून हळूच पाणी सोडा. मग पेन कानाजवळ धरून हलवा. टकटक ऐकू आली की तार सुटली. आवाज नसेल तर पुन्हा भिजवा. तरीही सुटलं नाही तर ड्रॉइंगच्या सामानाच्या दुकानात पेन धुण्याचं द्रावण मिळतं, ते वापरा.

शेवटी साध्या पाण्याने धुऊन कापडावर सावलीत पूर्ण वाळवा. आत पाणी राहिलं तर शाई फिकी उतरते.

काय करू नये? उकळतं पाणी, काडीची आच, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही नको; प्लास्टिक वाकतं किंवा तडकतं. बारीक पेनाची तार ओढून काढू नका, ती परत नीट बसत नाही. फवारणीच्या नोझलमध्ये तार घातली की भोक मोठं होतं आणि औषध वाया जातं, हे आपल्याला माहीत आहेच. इथेही तसंच.

आपल्याकडे चैत्र-वैशाखात हवा कोरडी, शाई पटकन वाळते. काम झालं की टोपण घट्ट लावा आणि पेन टोक वर करून उभं ठेवा. पंधरा दिवस लागणार नसेल तर शाई काढून धुऊनच ठेवा. आणि ही शाई मुलांच्या शाळेच्या शाईपेनात भरू नका, तेही तुंबेल.

आमच्या नकाशात ओढा आता ठळक दिसतो. ग्रामसभेत मागच्या रांगेतल्या आजींनीही बोट दाखवून सांगितलं, "बंधारा इथं पाहिजे." तुमच्या घरात असं पेन पडून असेल तर फेकू नका. आज रात्री भिजत घाला.