पूर्वीचे दिवस खरेच सुखाचे होते का?



डहाणू-तलासरी भागातले काम पाहायला दरवर्षी निरनिराळ्या मंडळ्यांतून पाहुणे येतात. पाड्यावर एक दिवस राहतात, नाचणीची भाकरी खातात, कुडाच्या भिंतीवरची पांढरी चित्रे पाहतात. परत गेल्यावर त्यांची पत्रे येतात आणि त्यांत एक प्रश्न हमखास असतो. वारली लोकांचे पूर्वीचे जीवन किती साधे, प्रामाणिक आणि समाधानी होते! शाळा, रस्ते आणि मोबाइल आणून आपण ते बिघडवत तर नाही ना?

प्रश्न प्रेमापोटी विचारलेला असतो. पण त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे. पूर्वीचे सगळे चांगले होते असे मानले, तर मुलांना शिकवायचे तरी कशाला? आणि पूर्वीचे सगळे वाईट होते असे मानले, तर आपण या लोकांना फक्त द्यायलाच आलो आहोत, घेण्यासारखे त्यांच्याकडे काही नाही, असा अहंकार शिरतो. मी या भागात चोवीस वर्षे राहतो आहे. म्हाताऱ्या माणसांजवळ बसून जे ऐकले आणि जे डोळ्यांनी पाहिले, त्यावरून थोडे सविस्तर लिहितो.

‘पूर्वी’ म्हणजे नक्की केव्हा, हे आधी ठरवू. आजच्या आजोबांच्या बापाचा काळ घेऊ, म्हणजे १९४५ च्या आधीचा. त्या काळी इथली बहुतेक जमीन सावकार-जमीनदारांच्या हातात गेलेली होती. जंगल सरकारचे झाले होते. कधी काळी स्वतःच्याच असलेल्या जमिनीवर वारली माणूस कूळ म्हणून राबत असे, आणि त्याशिवाय मालकाकडे वेठीला जात असे. वेठ म्हणजे मजुरी न घेता करायचे काम. मालकाची नांगरणी आधी, मालकाची आवणी आधी, त्याचे गवत कापून झाले की मग आपले. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की मालकाकडून खावटी आणायची आणि सुगीला ती दीडपट-दुपटीने फेडायची. फेडल्यावर कणगीत जे उरे ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरत नसे, म्हणून पुन्हा खावटी. हे चक्र थांबत नसे.

याहून वाईट प्रकार म्हणजे लग्नगडी. हा शब्द आजच्या मुलांना ठाऊक नाही, आणि ते फार चांगले झाले. वारली समाजात मुलीच्या बापाने हुंडा द्यायचा नसतो, उलट मुलाकडच्यांनी देज द्यायचे असते. देज, ताडी-दारू आणि गावजेवण यांसाठी पैसा लागे आणि तो सावकाराकडेच मिळे. त्या कर्जापायी नवरा त्या मालकाचा गडी होई आणि त्याची बायकोही त्याच घरी राबू लागे. कर्ज शंभर-दोनशे रुपयांचे असले तरी ते आयुष्यभर फिटत नसे, कारण हिशोब मालकाच्या वहीत आणि वही मालकाच्या पेटीत. बाप मेला की मुलगा उभा राही. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे. त्यांचा पक्ष कम्युनिस्ट होता. त्यांची सर्वच मते आपल्या वाचकांना पटतील असे नाही, पण ज्याला हा भाग समजून घ्यायचा आहे त्याने ते पुस्तक वाचल्यावाचून राहू नये.

इथे मूल्यांचा प्रश्न येतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वारली माणूस शब्दाला पक्का, असे आपण कौतुकाने म्हणतो. ते खरेच आहे. साक्षीदार नाही, कागद नाही, तरी बापाने घेतलेले कर्ज मुलगा नाकारत नसे. ‘बापाने खाल्ले आहे, मला फेडले पाहिजे,’ एवढेच त्याला कळे. आणि नेमका हाच चांगुलपणा त्याच्या पायातली बेडी झाला. लबाड माणसाला लग्नगडी करता आले नसते. तो पहिल्याच पावसाळ्यात पळून गेला असता. सावकाराचा धंदा चालला तो वारल्याच्या खरेपणावर. म्हणून जुन्या काळच्या प्रामाणिकपणाचे गोडवे गाताना त्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवे.

तीच गोष्ट नम्रतेची. जुन्या फोटोंत खाली मान घालून, हात जोडून उभी असलेली माणसे दिसतात आणि आपल्याला ती विनयशील वाटतात. एका आजीने मला सांगितले की तिच्या लहानपणी मालकाची घोडागाडी दिसली की बायका रस्ता सोडून झाडीत लपत. त्याला विनय कसे म्हणायचे?

मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठीला जायचे नाही असे त्यांनी ठरवले. वेठ आणि लग्नगडी या दोन्ही गोष्टी त्यानंतर थोड्याच काळात मोडल्या. पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आदिवासी मारले गेले. तलासरीकडे तो दिवस अजून पाळतात. मग कायदे आले: १९४८ चा कूळ कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा, वेठबिगारी बंद करणारा १९७६ चा कायदा, आणि अलीकडचा २००६ चा वनहक्क कायदा. कागदावरचे सगळेच हातात पडले असे नाही. तरी आज आपल्या पाड्यावरच्या कित्येक घरांत दोन-तीन एकरांचा का होईना, स्वतःच्या नावाचा कागद आहे, आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलेला असतो. पाहुणे भिंतीवरचे चित्र पाहतात. कधी तरी तो कागदही दाखवायला सांगा.

मग पूर्वीचे चांगले काहीच नव्हते काय? होते, पुष्कळ होते, आणि ते गरिबीमुळे नव्हे तर गरिबी असूनही टिकले होते.

सावड घ्या. आवणीचे दिवस थोडे असतात. राबावर वाढवलेली रोपे वेळेवर लावली नाहीत तर वर्ष गेले. एकट्या घराला ते जमत नाही, म्हणून आज तुझ्या खाचरात दहा माणसे, उद्या माझ्या खाचरात तीच दहा. पैसे नाहीत, फक्त दुपारचे जेवण. ज्या घरात विधवा बाई आणि लहान मुले, त्या घराची आवणीही होत असे, मग ती बाई बदल्यात दहा माणसे देऊ शकते की नाही हे कोणी मोजत नसे. आपण मंडळीत विधवा-अनाथांसाठी निधी जमवतो. इथे निधी नव्हता, पण हात होते. आज मजुरी रोख झाल्यापासून सावड कमी होत चालली आहे. ज्याच्याकडे पैसे त्याची आवणी आधी. हे नुकसान खरे आहे आणि ते कोणत्याही योजनेने भरून निघत नाही.

खाण्यापिण्याचेही तसेच. पहिल्या पावसानंतर शेवळे उगवतात. ती नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यांत काकडाची फळे घालतात. टाकळा केव्हा खुडायचा, कडूकंद किती वेळा उकळून वाहत्या पाण्यात ठेवायचा, हे ज्ञान आईकडून मुलीकडे जात असे. नवी भाजी आणि नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही असा नेम होता. आपल्याला त्यामागची पूजा मान्य नसेल, पण त्याचा परिणाम पाहा: कोवळे रोप खुडले जात नसे, त्याला वाढायला वेळ मिळे, आणि आधी कोणी ओरबाडून नेत नसे. नाचणी आणि वरई डोंगरउतारावर होत असे, आणि बियाणे घरचे असे. आज रेशनचा तांदूळ येतो आणि दुकानातून पाच-पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पाकिटे येतात. मुलाला विचारले तर तो भाकरी नको, पाकीट हवे म्हणतो.

पण इथेही थांबून विचार करावा लागतो. रेशनच्या तांदळाला नाक मुरडणे ज्याचे पोट भरलेले आहे त्याला सोपे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला धक्का बसला. म्हाताऱ्यांना बसला नाही. पावसाळ्यात मुले दगावतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, फक्त आता कोणी मोजू लागले होते. कंद उकळून खाण्याचे ते कौतुकाचे ज्ञान कित्येकदा उपासमारीतून आलेले आहे, हे विसरू नये.

बायकांच्या बाबतीत जुना समाज आपल्यापेक्षा पुढे होता असे मी कधी कधी म्हणतो आणि लोक हसतात. पण वारली लग्न लावणारी धवलेरी ही बाई असते. गाणी तिची, विधी तिचा. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहायचा तो सुवासिनींनी. जगभर गेलेली वारली चित्रकला मुळात बायकांची आहे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ती कागदावर आणली आणि मग पुरुषही काढू लागले. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तो मान योग्यच होता. चौक लिहिणाऱ्या बायकांची नावे मात्र कुठे लिहिलेली नाहीत. आणि याच समाजात एखाद्या एकट्या म्हाताऱ्या बाईला भुताळी ठरवून मारहाण होत असे, गाव सोडायला लावत. मान आणि छळ दोन्ही एकाच पाड्यावर नांदत. जुन्या काळातले एक उचलावे आणि दुसरे झाकावे, असे करता येत नाही.

शाळेविषयी थोडक्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नाही, गुरे घेऊन कुरणात जाते, तर शाळाच कुरणात न्यावी, असे त्यांनी केले. त्यांनी वारल्यांचे काही बिघडवले असे मला वाटत नाही. मुलाची घरची भाषा आणि घरचे काम यांना कमी न लेखता शिकवता येते, हे त्यांनी दाखवले. बिघडते ते जेव्हा मुलाला दहा वर्षे घरापासून दूर ठेवून आपली बोली गावठी आहे एवढेच शिकवले जाते तेव्हा. असा मुलगा परत येतो तेव्हा त्याला धड नोकरी नसते आणि नांगर धरायची लाज वाटते.

आता आजच्या काळाकडे. लग्नगडी गेला, पण लग्नाचे कर्ज गेले नाही. मांडवात तारप्याऐवजी डीजे आला. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानाचा तारपा वाजवणारा गावातलाच असे आणि त्याला जेवण पुरे. डीजेवाला आगाऊ पैसे घेतो. पत्रिका छापायच्या, खुर्च्या आणायच्या, केक कापायचा. पूर्वी ऐपत नसली तर जोडपे तसेच एकत्र राही आणि पुढे पैसे जमले की लग्नाचा विधी होई, कधी कधी आपल्या मुलाच्याच मांडवात. त्याची कोणाला लाज नव्हती. (आपल्या मंडळीच्या शिकवणीत हे बसत नाही, हे मला ठाऊक आहे. मी जे होते ते सांगतो आहे.) आज लाज वाटते, म्हणून कर्ज होते. आठवड्याच्या हप्त्याने पैसे देणाऱ्या कंपन्यांची माणसे मोटारसायकलवरून पाड्यापर्यंत येतात.

हप्ता फेडायला उचल घ्यायची. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे जातात, तरुण मुले गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. भट्टीवर मजुरी हजार विटांवर ठरते. आठवड्याला खर्ची मिळते, बाकीचा हिशोब पावसाच्या तोंडावर, मुकादमाच्या वहीत. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर. जुन्या आजोबांना हे सांगितले तर त्यांना काही नवे वाटणार नाही. फरक एवढाच की आज हा प्रकार कायद्याने गुन्हा आहे, आणि घरात कोणीतरी वाचणारे आहे.

वसतिगृहातल्या एका नववीच्या मुलाने गेल्या मोसमात सुट्टीत भट्टीवर जाऊन आईबापांनी रोज किती विटा पाडल्या हे शाळेच्या वहीत लिहायला सुरुवात केली. तो परतल्यावर त्याच्या बहिणीने लिहिले. मोसम संपताना बेरीज केली तेव्हा मुकादमाच्या आकड्यापेक्षा ती बरीच जास्त निघाली. मुलगा म्हणाला, चला, विचारू. बाप तयार होईना. ज्याने अडीनडीला पैसे दिले त्याच्यापुढे वही धरणे त्याला बरे दिसत नव्हते. मी दोघांशी बोललो. मुलगा रागावलेला होता आणि बाप ओशाळलेला, आणि खरे सांगायचे तर मला दोघांचेही म्हणणे कळत होते. आपण वही घेऊन जाऊ, मी बरोबर येतो, असे मी बापाला सांगितले आहे. तो नाही म्हणाला नाही. वही सध्या त्यांच्या घरात कुडाला खोचून ठेवलेली आहे, आणि भट्ट्या दिवाळीनंतर पुन्हा पेटतील.