चित्रसंपादन आणि प्रमाण-चित्र

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. तेथून जवळच असलेल्या जवाहरलाल नेहरू क्रीडागारात नोव्हेंबर १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी भारतीय दूरचित्रवाणीवर रंग अवतरला. उजेड व काळ्या-पांढऱ्यातील भेद यांच्या जोडीला रंगाच्या गडदपणाचे बटणही प्रेक्षकाच्या हाती आले. भारताने स्वीकारलेल्या ‘पाल’ पद्धतीत प्रक्षेपणमार्गातील वर्णच्छटेचा दोष बराचसा आपोआप निवारला जातो. परंतु ही तीन बटणे ज्याची त्याची. तेव्हा एकच प्रक्षेपण शेजारच्या दोन घरांत निराळे दिसले तर नवल नाही. मग घरोघरची चित्रे भिन्नच असावयाची, तर संपादकाने अचूकतेचा आग्रह का धरावा?

उत्तर असे की, घरचा संच चुकला तर एका घरचे चित्र बिघडते. संपादकाचा पडदा चुकला तर सर्वांचे. पडदा निळसर असेल तर संपादक नकळत चित्रात तांबूस छटा वाढवितो. त्याच्या पडद्यावर ते निर्दोष दिसते, अन्यत्र मात्र तांबडे. वस्तुतः त्याने चित्राचा नव्हे, आपल्या यंत्राचा दोष दुरुस्त केलेला असतो. म्हणून संपादनयंत्रे एका ठरीव मापाशी जुळवून घेणे, म्हणजेच त्यांचे प्रमाणीकरण, हे संपादनाचे पहिले अंग होय.

पडदा सुमारे अर्धा तास चालू ठेवून स्थिरावू द्यावा; खोलीतील प्रकाश मंद व रंगहीन असावा. मग रंगपट्ट्यांचा प्रमाण-संकेत पडद्यावर आणावा. त्यातील काळ्या भागात तीन अरुंद पट्ट्या असतात: एक काळ्याहून काळी, दुसरी काळी, तिसरी किंचित उजळ. पहिल्या दोन एकरूप होतील आणि तिसरी जेमतेम दिसेल, तेथे उजेड स्थिर करावा. निळ्या काचेतून पाहिले असता, ज्या पट्ट्यांत निळ्याचा अंश समान आहे त्या सारख्याच उजळ दिसल्या की रंगाचा गडदपणा योग्य जमला. डोळा मात्र कोणत्याही छटेला लवकरच सरावतो. म्हणून संकेताची पातळी वेव्हफॉर्म मॉनिटरवर व रंगाची दिशा व्हेक्टरस्कोपवर तपासावयाची असते.

अंकीय यंत्रांत तत्त्व तेच राहिले, मापे बदलली. उच्चविभेदन चित्रासाठी ‘७०९’ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९० मध्ये मान्य झाले. त्यानुसार पांढऱ्याचे वर्णतापमान सुमारे ६५०० केल्विन. संपादनकक्षातील पडद्यावर त्याची दीप्ती सामान्यतः दर चौरस मीटरला १०० कँडेला ठेवतात. पडद्यावर मापक लावून रंगांचे मोजमाप घेतात आणि त्यावरून दुरुस्तीची सारणी तयार करतात. पडदा जुना होत जातो, म्हणून हे मोजमाप वारंवार घ्यावे लागते. आणखी एक चूक नित्य आढळते. आठ अंकस्थानी चित्रसंकेतात काळा १६ व पांढरा २३५ असतो. संगणकाच्या पडद्यासाठी हीच टोके ० व २५५ असतात. यंत्राने पहिले माप पाठविले आणि पडद्याने दुसरे धरले, तर काळा करडा होतो व पांढरा मळतो. उलट झाल्यास छायेतील तपशील काळोखात बुडतो.

साहित्याच्या अभ्यासकाला ही अडचण परकी वाटू नये. व्ही. शांताराम यांच्या ‘सैरंध्री’ (१९३३) या ‘प्रभात’च्या चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार झाल्या, रंग समाधानकारक उतरले नाहीत. अशा काळातील एखाद्या प्रतीचा जीर्णोद्धार करताना तीन दोष वेगळे करावे लागतात: मूळ मुद्रणाचा, काळाने आलेला आणि पाहणाऱ्याच्या पडद्याचा. प्रमाणीकरणाने केवळ तिसरा दूर होतो. पहिल्या दोहोंचा निर्णय विवेकानेच करावा लागतो; मात्र तिसरा दूर झाल्यावाचून तो निर्णय करताच येत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती कोणता पाठ कोठून घेतला हे पानोपानी नोंदवून. जुन्या चित्रपटाची अंकीय प्रत ही देखील एक आवृत्तीच होय. ती कोणत्या मापाच्या पडद्यावर सिद्ध झाली याची नोंद सोबत नसेल, तर पुढील अभ्यासकापुढे चित्रकर्त्याचा रंग आणि संपादकाच्या यंत्राचा रंग वेगळा करण्याचे साधन उरणार नाही.