अल-ऐनचा पांढरा ओरिक्स

आखातात राहणाऱ्या किंवा तिकडे नातेवाइकांकडे जाणाऱ्या कुटुंबांनी मॉलच्या फेऱ्यांतून एक दिवस काढून अल-ऐनचे प्राणिसंग्रहालय जरूर पाहावे. दुबईहून मोटारीने सुमारे दीड तासाची वाट. जबल हफीतच्या पायथ्याशी शेख झायद यांनी १९६८ मध्ये ते उभारले.

आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो ते अरबी ओरिक्सपाशी. पांढरेशुभ्र अंग, लांब शिंगे. झाडपाल्यातल्या ओलाव्यावर हा प्राणी पाण्यावाचून कित्येक आठवडे काढतो. वाळवंटाला तो पुरून उरला. पण मोटारीतून येणाऱ्या बंदुकीपुढे टिकला नाही. १९७२ मध्ये ओमानात रानातला शेवटचा ओरिक्स मारला गेला. निरनिराळ्या प्राणिसंग्रहालयांनी कळप जपले होते, म्हणूनच १९८२ मध्ये तो तिथल्या वाळवंटात पुन्हा सोडता आला. २०११ पर्यंत रानातली संख्या सुमारे १,००० झाली.

इहराममध्ये रानातल्या जनावराची शिकार हराम आहे; मदिनेच्या हरमातही शिकारीला मनाई आहे. म्हणजे हात आवरणे हीसुद्धा इबादतच. मुलांना हे तिथेच, ओरिक्स दाखवताना सांगावे: अल्लाहची मखलूक आपली मालमत्ता नाही, अमानत आहे.