स्कॉटलंडचे दगडी गोळे: होते तरी कशासाठी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' शक्य तितके गाळलेत, तरी काही राहिले असतील.

क्रिकेटचा सीझन बॉल हातात धरलाय असं समजा. तोच आकार, साधारण ७ सेंटिमीटर व्यास, पण अख्खा दगडाचा. म्हणजे वजन जवळजवळ तिप्पट. आणि गुळगुळीत नाही, चारी बाजूंनी गोल गोल टेंगळं आल्यासारखे उंचवटे कोरलेले. कुणावर चार, कुणावर सहा, काहींवर शंभराहून जास्त. असे ४२५ च्या वर गोळे आजवर सापडलेत, आणि जवळजवळ सगळे स्कॉटलंडमध्ये, त्यातही सगळ्यात जास्त ईशान्येकडच्या अ‍ॅबर्डीनशर भागात. काळ साधारण इ.स.पू. ३२०० ते २५००. धातू अजून हातात आलेला नव्हता, त्यामुळे हे सगळं दगडाने दगड टोचून आणि मग घासून घासून केलेलं. काही गोळे वाळूच्या दगडाचे आहेत, पण काही ग्रॅनाइटसारख्या टणक दगडाचेही आहेत.

हे कशासाठी केले, याचं सर्वमान्य उत्तर दीडशे वर्षांच्या वादानंतरही नाही.

आधी सगळ्यात व्हायरल उत्तर घेऊ, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते रील पाठवलंय. दावा असा, की प्लेटोच्या दोन हजार वर्षं आधी स्कॉटलंडच्या लोकांना पाचही 'प्लेटॉनिक सॉलिड्स' माहीत होते. म्हणजे ज्यांच्या सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असतात असे पाच घनाकार: चार त्रिकोणांचा, सहा चौरसांचा, आठ त्रिकोणांचा, बारा पंचकोनांचा आणि वीस त्रिकोणांचा. पुरावा म्हणून एक फोटो फिरतो. त्यात पाच दगडी गोळे ओळीने मांडलेत, आणि त्यांवर पट्ट्या गुंडाळून भौमितिक रेषा ठळक केल्यात. हा फोटो कीथ क्रिचलो यांच्या १९७९ च्या 'टाइम स्टँड्स स्टिल' या पुस्तकामुळे पसरला. पुढे मायकल अतिया यांच्यासारख्या फील्ड्स मेडल मिळवलेल्या गणितज्ञाच्या २००३ च्या एका लेखातही तो आला, खाली ओळ अशी की हे गोळे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये आहेत.

२००९ मध्ये जॉन बाएझ या गणितज्ञाने या गोष्टीचा माग काढला. अ‍ॅशमोलियनमध्ये असे गोळे आहेत, आणि पाचच आहेत. पण त्यांवरचे उंचवटे मोजले तर येतात ७, ६, ६, ४ आणि १४. सात उंचवट्यांचा कुठलाही प्लेटॉनिक आकार नसतो. चौदाचाही नसतो.

मला यातली सर्वात मजेशीर गोष्ट म्हणजे त्या पट्ट्या. समजा गोळ्यावर सहा उंचवटे आहेत. प्रत्येक उंचवटा म्हणजे एक बाजू असं धरलं, तर तो सहा बाजूंचा घन झाला. प्रत्येक उंचवटा म्हणजे टोक असं धरलं, तर तोच गोळा आठ त्रिकोणांचा आकार झाला. दगड एकच, पट्टी कशी गुंडाळली त्यावर नाव बदलतं! बारा उंचवट्यांचंही तेच. म्हणजे ४, ६ आणि १२ उंचवट्यांचे गोळे मिळाले की पाचही आकार 'सापडले' म्हणून जाहीर करता येतात. चारशेच्या ढिगातून हवे ते निवडायचे आणि बाकीच्यांबद्दल गप्प बसायचं. आमच्या कामात डेटाशी असं वागलं तर कोड रिव्ह्यूमध्येच फासावर देतील.

मग चार उंचवट्यांचे गोळे इतके नेटके चतुष्फलकासारखे का दिसतात? त्याला भूमितीचा सिद्धांत माहीत असायची गरज नाही. चार फुगे तोंडाशी एकत्र बांधून बघा. ते आपोआप तोच आकार घेतात, कारण प्रत्येकाला जास्तीत जास्त जागा हवी असते. सहा फुगे बांधले तर वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवी असे बसतात. बारावीच्या केमिस्ट्रीतला मिथेनचा रेणू आठवतोय? तेच कारण. ज्याला गोळ्यावर चार सारखे उंचवटे सारख्या अंतरावर हवेत, तो माणूस हाताने आणि नजरेने तिथेच पोहोचतो. पण आठ उंचवटे पसरवायचे तर सगळ्यात मोकळी मांडणी घनाच्या आठ कोपऱ्यांची नसते, चार-चारचे दोन चौकोन एकमेकांपासून थोडे फिरवलेले असतात. तेव्हा कारागिराला अंतर सारखं ठेवायचं होतं इतकंच यातून दिसतं. नोंद झालेल्या गोळ्यांत निम्म्याच्या आसपास सहा उंचवट्यांचे आहेत हेही याला धरूनच आहे. आखायला सगळ्यात सोपा तोच.

दुसरं उत्तर मला इंजिनिअर म्हणून मनापासून आवडतं: बॉल बेअरिंग. २०१० मध्ये एक्झिटर विद्यापीठात अँड्र्यू यंग या संशोधकाने पाहिलं की बऱ्याच गोळ्यांचे व्यास एकमेकांच्या अगदी जवळ आहेत, आणि ते सापडतात त्या अ‍ॅबर्डीनशरमध्ये मोठमोठ्या शिळांची वर्तुळंही आहेत. मग त्याने लाकडी रुळांत खाच पाडली, त्यात गोळे ठेवले, वर जड ओझं ठेवून ढकललं. आणि ते खरंच सहज सरकलं.

पण 'असं करता येतं' आणि 'असं केलं होतं' यात फार अंतर आहे. ओढकामाच्या बेअरिंगवर कुणी नक्षी काढेल का? टोवी गावाजवळ १८६० च्या सुमारास सापडलेला गोळा बघा. चार उंचवटे, त्यातल्या तीनांवर अतिशय नाजूक चक्राकार कोरीवकाम. टनावारी ओझ्याखाली ते आधी भुगा झालं असतं. शिवाय बेअरिंगच हवं असेल तर गुळगुळीत गोळा जास्त चांगला आणि करायलाही सोपा, हे टेंगळांचं काम वाढवायचं कशाला? आणखी एक, अ‍ॅबर्डीनशरची ती खास आडव्या शिळेची वर्तुळं इ.स.पू. २५०० च्या आसपास उभी राहायला लागली, म्हणजे गोळ्यांचा काळ संपत आला तेव्हा.

बाकीची उत्तरं भरभर सांगतो. वजनं? मग त्यांच्या वजनांत काहीतरी पट सापडायला हवी होती, ती सापडत नाही. दोरी बांधून फेकायचं हत्यार? शक्य आहे, खाचांत दोरी बसते. पण फेकून हरवायच्या वस्तूवर इतकी मेहनत? भविष्य बघायचे फासे? सभेत ज्याच्या हातात गोळा त्यानेच बोलायचं? या शेवटच्या दोन्ही कल्पना छान आहेत, आणि त्यांची अडचण तीच आहे: त्या खोट्या ठरवायला काय सापडावं लागेल, हेच सांगता येत नाही.

आता खरा घोळ कुठे झालाय ते बघा. यातले बहुतेक गोळे उत्खननात सापडलेले नाहीत. शेत नांगरताना, खणताना वर आले, कुणीतरी खिशात घातले, मग संग्राहकांकडे आणि तिथून म्युझियममध्ये. मातीच्या कुठल्या थरात होता, शेजारी काय होतं, चूल होती की हाडं होती, सगळं गेलं. कॉमेंट नाही, कमिट हिस्टरी नाही, फक्त एक फंक्शन हातात दिलंय आणि विचारतायत की हे का लिहिलं होतं. दगडाचं वयही थेट काढता येत नाही, ते शेजारच्या गोष्टींवरूनच काढावं लागतं. म्हणून ऑर्कनी बेटांवरचे मोजके गोळे सोन्याच्या मोलाचे आहेत: स्कारा ब्रे या वस्तीतले, आणि २०१३ मध्ये नेस ऑफ ब्रॉडगरला रीतसर उत्खननात मिळालेला एक.

जे नाही तेही काही सांगतं. हे गोळे थडग्यांत ठेवलेले मिळत नाहीत. इतकी मेहनतीची वस्तू जर एका माणसाची असती, तर त्याच्यासोबत पुरली असती अशी अपेक्षा करता येते. म्हणून काही अभ्यासकांना वाटतं की गोळा एकाचा नसून घराण्याचा किंवा गटाचा असावा, पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात जाणारा. मला आत्ता तरी हेच सगळ्यात पटतं. आकार हाताच्या पकडीएवढा आणि जवळजवळ ठरलेला, नक्षी मात्र प्रत्येकाची वेगळी. कामाच्या अवजारात सहसा उलट असतं.

आणि एक नवी गोष्ट. २०१८ मध्ये नॅशनल म्युझियम्स स्कॉटलंडने ६० गोळ्यांची थ्री-डी मॉडेल्स ऑनलाइन टाकली, असंख्य फोटो जोडून बनवलेली. त्यात एका गोळ्यावर आत्ताच्या पृष्ठभागाखाली आधीच्या टोचकामाच्या खुणा दिसल्या, आणि दुसऱ्यावर साध्या डोळ्यांना न दिसणारी एकात एक वर्तुळं. म्हणजे काही गोळे एकदाच बनवून ठेवून दिलेले नव्हते, त्यांच्यावर पुन्हा काम झालं होतं. मग आजोबांच्या हातात त्याचा जो अर्थ होता, तोच नातवाच्या हातात असेल असं आपण का धरून चालतो?

मॉडेल्स फुकट आहेत, ब्राउझरमध्ये फिरवता येतात. टोवीच्या गोळ्याचा चौथा, नक्षी नसलेला उंचवटा नक्की बघा. तो तसाच का सोडला असेल, यावर तुमचं मत मला पाठवा, निवडक मतं पुढच्या भागात वाचून दाखवेन.